शाळिग्राम आणि खडकांचे वय

दिल्लीत करोल बागेजवळ ‘रिज’ नावाची जी टेकड्यांची रांग आहे, तिचा खडक क्वार्ट्झाइट जातीचा, गारेसारखा कठीण आहे. तो शंभर कोटी वर्षांहून जुना असूनही त्यात एकही शंख वा शिंपला सापडत नाही. कारण कवचधारी प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीच त्याची वाळू साचून घट्ट झाली होती. जीवाश्मांवरून त्याचे वय ठरविणे अशक्य होय. त्याच करोल बागेतील एखाद्या मराठी कुटुंबाच्या देवघरात मात्र आपला काळ सांगणारा दगड असण्याचा संभव आहे. तो म्हणजे शाळिग्राम.

नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या शाळिग्रामावर जे चक्र दिसते, ते बहुधा ॲमोनाइट नामक सागरी प्राण्याच्या कवचाचे किंवा त्याच्या ठशाचे असते. हा प्राणी माकुळाच्या गोत्रातला. ज्युरासिक कालखंडात, म्हणजे सुमारे २० ते १४ कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या असंख्य जाती समुद्रात वावरत होत्या. आजच्या उत्तुंग हिमालयाच्या जागी तेव्हा समुद्रच होता.

सर्वच जीवाश्म कालगणनेस सारखे उपयोगी पडत नाहीत. ज्या प्राण्याचे रूप कोट्यवधी वर्षे बदलले नाही, त्याचे कवच काळाविषयी फारसे काही सांगत नाही. ॲमोनाइटांच्या जाती झपाट्याने बदलल्या व दूरवरच्या समुद्रांत पसरल्या. कवचावरील कंगोरे, वेटोळ्यांची ठेवण आणि आतील पडदे कवचाला मिळतात तेथील नागमोडी रेघ यांवरून जाणकार जात ओळखतो. थर जीवाश्मांवरून ओळखता येतात, हे तत्त्व इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथने रूढ केले. त्याचा भूवैज्ञानिक नकाशा १८१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८५६ ते १८५८ या काळात जर्मन भूवैज्ञानिक ओपेल याने ज्युरासिक खडकांचे बारीक विभाग पाडले. यूरोपात आज असे सत्तरांहून अधिक विभाग मानतात. एकेका विभागाचा अवधी सरासरीने दहा लाख वर्षांहूनही कमी भरतो.

भारतात ह्या अभ्यासाचे माहेरघर कच्छ होय. तेथील थरांचे स्टोलिच्का याने पच्छम, चारी, कत्रोल व उमिया असे चार गट केले, आणि त्यांतील ॲमोनाइटांचे वर्णन वागेन याने १८७३ ते १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. मॅक्रोसेफॅलाइटिस ही फुगीर कवचाची प्रजाती कच्छमध्ये व यूरोपातही आढळते. तेव्हा दोन्हीकडचे थर समकालीन, असा निष्कर्ष सहज सुचतो. परंतु ह्या प्रजातीच्या आरंभीच्या काही जाती कच्छमध्ये यूरोपच्या आधीच्या थरांत सापडतात, असे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणून केवळ प्रजाती ओळखून भागत नाही. जातीपर्यंत पोचावे लागते.

शिवाय ॲमोनाइट केवळ मागचापुढचा क्रम सांगतो. वर्षांचा आकडा थरांमधील ज्वालामुखीच्या राखेतून, किरणोत्सर्गी द्रव्यांच्या मोजणीने मिळतो. आणि कवच मूळ थरातच रुतलेले असावे लागते. गंडकीच्या वाळूत पडलेला शाळिग्राम ज्युरासिक असला, तरी ती वाळू अगदी अलीकडची आहे. दगड वरच्या डोंगरातून वाहत आला आहे. यास्तव भूवैज्ञानिक जीवाश्म काढताना त्यावर थराचा क्रमांक तेथल्या तेथे लिहितो. हौसेने उचलून नेलेल्या कवचावर तो नसतो, आणि मग ते कोणत्या थरातले, हे ठरविणे बहुधा कठीण होऊन बसते.