औषध आधी की मध आधी?

हौसेने मेलीफेरा जातीच्या मधमाश्यांच्या एक-दोन पेट्या पाळणाऱ्यांनी एक नियम पक्का करावा: मधकोठी पेटीवर असताना औषध नको. व्हरोआ हा मधमाश्यांवरचा परजीवी माइट बंद घरांमधल्या पिलाव्यात वाढतो, म्हणून फुलोऱ्यात पिलावा भरपूर असतो तेव्हा तो झपाट्याने पसरतो. त्याच फुलोऱ्यात मधही साठतो, आणि घाई इथेच नडते. फ्लुव्हॅलिनेट हे माइटनाशक मेणात मुरते आणि तेच मेण पुढे वर्षानुवर्षे पोळ्यात राहते. शिवाय तेच औषध पुन्हा पुन्हा वापरले की माइट त्याला दाद देईनासा होतो.

काहीजण म्हणतील, माइटवर वापरले जाणारे फॉर्मिक आम्ल तर मधातही नैसर्गिकरीत्या असते, मग भीती कसली? पण प्रश्न मात्रेचा आहे. जास्त मात्रेने चव बिघडते आणि तीस अंश सेल्सिअसपलीकडच्या तापमानात राणी व पिलावा धोक्यात येतो. ऑक्झॅलिक आम्ल हे दुसरे औषध बंद घरात पोहोचत नाही, म्हणून ते पिलावा नसताना जास्त उपयोगी पडते. दुसरा आक्षेप असा की औषधच नको, निसर्ग सांभाळेल. सातेरी ही देशी मधमाशी या माइटची मूळ यजमान असल्याने त्याला बऱ्यापैकी तोंड देते, मेलीफेराला ते जमत नाही. मात्र सातेरीतल्या थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगावर प्रतिजैविके निरुपयोगीच, उलट त्यांचे अंश मधात उतरतात.

म्हणून आधी पिठीसाखरेने साधारण 300 माश्यांवरचे माइट मोजा, मध काढा, मगच लेबलवरच्या मात्रेने उपचार करा. आणि उपचाराची तारीख पेटीवर लिहून ठेवा.