फाईल उतरविताना : साधन, जोडणी आणि वाटा



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर थोर विषय मांडण्याची प्रथा आहे. त्या मानाने माझा आजचा विषय अगदी लहान आहे. संगणकावर मोठी फाईल उतरवून घेण्यासाठी डाउनलोड मॅनेजर नावाचे जे साधन वापरतात, त्यातील जोडणीची मांडणी कशी करावी, एवढाच तो आहे. परंतु लहान गोष्टीच्या अज्ञानापायी माणसाची मोठी हानी कशी होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून हा विषय निवडण्याचे धाडस करीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कल्याणच्या युनियन कचेरीत एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांच्या थकबाकीचे काम चालू होते. हजेरीपत्रके, पगारपत्रके आणि जुने करार यांची छायाचित्रे एकत्र करून वकिलांनी सुमारे १८०० मेगाबाइटची एकच फाईल तयार केली आणि तिची लिंक आम्हांस पाठविली. सोमवारी सकाळी तारीख होती. शनिवारी संध्याकाळी मी ब्राउझरमधून फाईल उतरवू लागलो. नव्वद टक्क्यांवर वीज गेली. वीज आल्यावर काम पुन्हा शून्यापासून सुरू झाले. दुसऱ्या खेपेस कनेक्शन तुटले, तिसऱ्या खेपेसही तेच. ज्यांची वीस-वीस वर्षांची हजेरी त्या फाईलमध्ये होती, ती माणसे बाहेर बाकावर बसून होती. दर तासाला कोणी तरी दारात येऊन विचारी, “भाऊ, आले का आमचे कागद?” मजजवळ उत्तर नव्हते.

अखेर त्यांच्यातील एकाची मुलगी डोंबिवलीहून आली. ती महाविद्यालयात शिकत होती. तिने एक डाउनलोड मॅनेजर बसविला आणि त्यातील चार-पाच गोष्टी बदलल्या. त्या कोणत्या आणि का, हे मी पुढे हळूहळू शिकून घेतले. तेच आज आपणापुढे ठेवतो.

प्रथम फाईल येते कशी, ते पाहू. नळातून पाण्याची धार यावी तशी ती अखंड येत नाही. ती लहान लहान पुडक्यांत बांधून पाठविली जाते. एका पुडक्यात साधारणपणे जास्तीत जास्त दीड हजार बाइट मावतात. म्हणजे आमची फाईल सुमारे १२ लाख पुडक्यांची होती. आपला संगणक मिळालेल्या पुडक्यांची पोच देत जातो आणि जे वाटेत हरवेल ते पाठविणारा पुन्हा पाठवितो. एवढी चोख व्यवस्था असताना फाईल शून्यापासून का सुरू व्हावी? कारण ही पोच-व्यवस्था ते एक कनेक्शन जिवंत असेपर्यंतच चालते. कनेक्शन तुटले की तो हिशेब संपला. कुठवर आले होते, याची नोंद दुसऱ्या कोणी तरी ठेवावयास हवी.

ही अडचण जुनी आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून येई आणि ती तार केव्हा दगा देईल याचा नेम नसे. पुढे १९९७ साली वेबच्या दळणवळणाचे जे सुधारलेले नियम प्रसिद्ध झाले, त्यांत एक मोलाची तरतूद होती : मागणाऱ्याने “अमुक बाइटापासून पुढचे द्या” असे म्हणावे आणि सर्व्हरने तेवढाच भाग पाठवावा. असा भाग पाठविताना सर्व्हर २०६ हा क्रमांक कळवितो. सबंध फाईल पाठविताना २०० कळवितो. डाउनलोड मॅनेजरची सारी करामत या एका तरतुदीवर उभी आहे.

म्हणून पहिली मांडणी पुनरारंभाची. सेटिंगमध्ये कनेक्शन तुटल्यास पुन्हा प्रयत्न किती वेळा करावयाचा आणि दोन प्रयत्नांत किती अंतर ठेवावयाचे, असे दोन आकडे असतात. दहा प्रयत्न आणि तीस सेकंदांचे अंतर ही घरगुती कामास पुरेशी मांडणी आहे. अंतर शून्य ठेवू नये. निकालाच्या दिवशी आधीच वाकलेल्या सर्व्हरवर हजारो यंत्रे क्षणाक्षणाला थापा मारू लागली, तर दार कोणालाच उघडत नाही. मात्र पुनरारंभाला तीन अटी आहेत. सर्व्हरने ती सोय दिलेली असावी. मधल्या काळात मूळ फाईल बदललेली नसावी. आणि लिंकची मुदत संपलेली नसावी. मुदत संपली असल्यास नवे काम सुरू करू नये. नवी लिंक मागवून जुन्याच कामाच्या तपशिलात घालावी. बहुतेक चांगल्या साधनांत ही सोय असते. मग आलेला भाग वाया जात नाही.

दुसरी मांडणी कनेक्शनांच्या संख्येची, आणि माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म येथे आहे. फाईलचा हवा तो भाग मागता येतो म्हटल्यावर तिचे चार तुकडे करून चार कनेक्शनांवरून एकदम आणविता येतात. साधनात हा आकडा आठ, सोळा असा वाढविता येतो. जितकी जास्त तितकी गती अधिक, असा समज सर्वत्र पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे.

१९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बर्कली येथे एक विलक्षण प्रकार घडला. प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांत अंतर अवघे चारशे यार्डांचे; पण त्यांमधील दळणवळण सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरले. कारण असे की गर्दी झाली म्हणून पुडकी हरवत, हरवली म्हणून प्रत्येक जण ती पुन्हा पाठवी, आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन याने यावर उपाय शोधला आणि १९८८ साली तो प्रसिद्ध केला. पुडके हरवले की प्रत्येकाने आपण होऊन आपली गती निम्म्यावर आणावी आणि मग हळूहळू वाढवावी, हे त्या उपायाचे सार. वर पोलिस नाही, दंड नाही. प्रत्येकाने थोडे मागे सरावयाचे आणि त्यातून सर्वांना जवळजवळ सारखा वाटा मिळावयाचा. आयुष्य वाटाघाटींत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून किती आनंद झाला असेल, याची आपण कल्पना करू शकाल.

पण या न्यायात एक फट राहिली. वाटा सारखा मिळतो तो माणसाला नव्हे, कनेक्शनाला. घरात मुलीचा तास एका कनेक्शनावर चालू आहे आणि आपण आठ उघडली, तर ढोबळमानाने नऊ वाट्यांपैकी आठ आपले झाले. आपल्याकडे पाणी सुटले की कोणी तरी पालिकेच्या नळाला थेट मोटार लावतो. त्याची टाकी लवकर भरते. पण पाणी काही वाढलेले नसते, ते शेजाऱ्याच्या नळातून आलेले असते. सोळा कनेक्शने ही त्याच जातीची मोटार होय.

मग अनेक कनेक्शनांचा उपयोगच नाही काय? आहे. सर्व्हर दर कनेक्शनाला ठराविकच गती देत असेल, किंवा तो दूर देशी असून वाटेत पुडकी हरवत असतील, तर तीन-चार कनेक्शनांनी खरोखर लाभ होतो. परंतु अरुंद जागा आपल्या घरच्या कनेक्शनातच असेल, तर सोळा उघडूनही फाईल लवकर येत नाही. घरातल्या इतरांचे काम तेवढे अडते. १९९७ च्या नियमांत एका सर्व्हरशी दोनच कनेक्शने ठेवावीत असा सल्ला होता. पुढे तो आकडा गळाला, पण संयमाचा सल्ला राहिला. मी चार ठेवतो.

याला आणखी एक कारण आहे. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते जगाला पुरत नाहीत. म्हणून कनेक्शन देणारे पुष्कळ ठिकाणी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. काही सर्व्हर एका पत्त्यावरून फार कनेक्शने आली की त्या पत्त्यालाच काही काळ दार बंद करतात. अशा वेळी शिक्षा आपल्याबरोबर त्या शेजाऱ्यांनाही होते, ज्यांची नावेही आपणांस ठाऊक नसतात.

तिसरी मांडणी गतिमर्यादेची. येथे बिट आणि बाइट यांचा घोटाळा नेहमी होतो. कनेक्शन विकणारा बिटांत बोलतो, साधन बाइटांत मोजते; आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे ४० मेगाबिटांच्या कनेक्शनावर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट येतील. तेथे मर्यादा ३ मेगाबाइट ठेवली, तर घरच्यांना हात-पाय हलवायला जागा उरते आणि १८०० मेगाबाइटची फाईलही दहा मिनिटांत येते. फाईल याहून फार मोठी असेल, तर वेळापत्रकाची सोय वापरून काम रात्री लावावे. सकाळी आठच्या डोंबिवली लोकलला मोठे ट्रंक घेऊन चढण्याचा हट्ट कोणी धरीत नाही, तसेच हे आहे. मात्र रात्री संगणक झोपी जाणार नाही, अशी तजवीज करावयास विसरू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असताना काम आपोआप सुरू होणार नाही, हेही पाहावे. नाही तर दिवसाचा डेटा एका फाईलमध्ये संपतो.

चौथी मांडणी प्रॉक्सीची. कारखाना, कचेरी, महाविद्यालय अशा ठिकाणी सारी ये-जा पुष्कळदा एका मधल्या संगणकामार्फत होते. त्याला प्रॉक्सी म्हणतात. त्याचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक, बहुधा ८०८० किंवा ३१२८, साधनात भरावा लागतो. कधी नाव आणि पासवर्डही लागतो. घरी प्रॉक्सी नसते. “कचेरीत चालते, घरी चालत नाही” या तक्रारीचे मूळ पुष्कळदा हेच असते : कचेरीची प्रॉक्सी तशीच राहिलेली असते. म्हणून “संगणकाची सेटिंग वापरा” हा पर्याय निवडणे सोयीचे.

कामगार श्रोत्यांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. प्रॉक्सीपाशी नोंद राहू शकते. कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस पद्धतीच्या जोडणीतही आपण कोणत्या संकेतस्थळी गेलो हे तिला बहुधा कळते. आणि मालकाने त्या संगणकावर स्वतःचे प्रमाणपत्र बसविले असेल, तर आतला मजकूरही वाचता येतो. युनियनचे कागद कंपनीच्या यंत्रावर उतरवू नयेत. तसेच फुकट मिणाऱ्या अनोळखी प्रॉक्सीचा पत्ता कधी भरू नये. आपली टपाल परक्याच्या हाती देण्यासारखे ते आहे. प्रमाणपत्राची तपासणी बंद करण्याचा पर्याय साधनात दिसला, तरी त्याला हात लावू नये.

शेवटची गोष्ट पडताळणीची. पाठविणाऱ्याने फाईलबरोबर एसएचए-२५६ नावाचा चौसष्ट अक्षरांचा ठसा दिला असेल, तर उतरलेल्या फाईलचा ठसा काढून ताडून पाहावा. एक बिट जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही. आणि चार गिगाबाइटची किंवा त्याहून मोठी फाईल जुन्या फॅट-३२ पद्धतीच्या पेन-ड्राइव्हवर मावत नाही. उतरविण्यापूर्वीच जागा पाहून ठेवावी.

त्या शनिवारच्या रात्री आमच्या कचेरीत कनेक्शन आणखी दोनदा तुटले. दोन्ही वेळा काम जेथे थांबले होते तेथूनच पुढे सुरू झाले. रात्री साडेअकराला फाईल पूर्ण आली. बाकावर तिघे अद्याप बसलेले होते. मी त्यांना आत बोलावले आणि ती फाईल उघडून दाखविली. एकाने आपल्या नावाचे हजेरीचे पान शोधावयास लावले, ते नीट पाहिले आणि मग तो घरी गेला. सोमवारी कागद वेळेवर दाखल झाले.

तात्पर्य एवढेच की, या साधनाची मांडणी करताना दोन प्रश्न स्वतःस विचारावे. जे हाती आले आहे ते सुरक्षित राहील काय? आणि माझा वाटा घेताना मी दुसऱ्याचा घेत नाही ना? या दोहोंची उत्तरे नीट मिळाली की बाकीचे आकडे आपोआप योग्य जागी बसतात.