जुनं रिव्हॉल्व्हर निवडताना

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कविता लिहिणाऱ्या माणसानं रिव्हॉल्व्हरवर बोलायला बसावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं होतं. पण प्रसंगच तसा आला.

2022 साली मी अमेरिकेत, टेक्सासमध्ये माझ्या भाच्याकडे गेलो होतो. ह्यूस्टन शहराबाहेर पेट्रोल पंपाला लागून त्याचं दुकान आहे. दूध, पाव, सिगारेटी, थंड पेयं. रात्री अकरापर्यंत उघडं. मी पोहोचण्याच्या पंधरा दिवस आधी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात दरोडा पडला होता आणि गल्ल्यावर बसलेल्या पोराच्या खांद्यात गोळी घुसली होती. भाचा तेव्हापासून नीट झोपत नव्हता. एका सकाळी म्हणाला, "मामू, आज माझ्याबरोबर चला. दोन रिव्हॉल्व्हर बघून ठेवली आहेत, दोन्ही वापरलेली. कुठलं घ्यावं ते ठरत नाही."

"अरे बाबा, मला त्यातलं काय कळतं?"

"तुम्ही घड्याळवाल्याचे चिरंजीव. यंत्र कळतं तुम्हाला."

हे मात्र खरं. माझे वडील चिपळूणच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करत. बी.ए. होईपर्यंत प्रत्येक सुट्टी मी त्यांच्या टेबलाशी काढली. ते सांगत, जुनं घड्याळ हातात आलं की काच बघू नकोस, काच कुणीही बदलतो. आधी मागचे स्क्रू बघ. स्क्रूची खाच फाटलेली असेल तर आत अडाण्याचा हात गेला आहे, असं समज.

दुकानातला म्हातारा मालक मोठा सज्जन होता. त्यानं काचेखालून दोन्ही नग काढून फडक्यावर ठेवले. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पाहुणा म्हणून व्हिसावर आलेल्या परदेशी माणसानं बंदूक बाळगणं हा, काही अपवाद वगळता, तिथल्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. उगाच शंकेला जागा नको. बघायचं मी आणि हाताळायचं भाच्यानं, असं ठरलं.

एक होतं स्मिथ अँड वेसन कंपनीचं मॉडेल 66. दुसरं रूगर कंपनीचं सिक्युरिटी-सिक्स. दोन्ही स्टेनलेस स्टीलची, चार इंची नळीची, सहा गोळ्यांची, मध्यम फ्रेमची. फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा. लहान फ्रेमचं रिव्हॉल्व्हर खिशात मावतं, पण त्यात बहुधा पाचच गोळ्या बसतात आणि उडवताना हाताला दणका जोरात बसतो. मोठ्या फ्रेमचं दणका पचवतं, पण वजनाला भारी. मधलं माप म्हणूनच अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला कित्येक वर्षं होतं. 1980 आणि 1990 च्या दशकांत पोलीस पिस्तुलांकडे वळले, तेव्हा अशी पुष्कळ रिव्हॉल्व्हर जुन्या बाजारात आली.

दोन्हींत पॉइंट 357 मॅग्नम हे काडतूस चालतं. ते 1935 साली आलं. त्याच्या आधीचं पॉइंट 38 स्पेशल हे काडतूस त्याच जाडीचं, पण सौम्य. मॅग्नमचं कवच मुद्दाम सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवलं, म्हणजे ते जोरकस काडतूस चुकून 38 च्या हत्यारात बसू नये. उलट 38 मात्र 357 मध्ये बिनधोक चालतं. त्यामुळे सराव सौम्य काडतुसांवर करता येतो. जुना नग घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं, कारण आधीच्या मालकानं कुठली काडतुसं किती उडवली यावरच त्याचं आयुष्य ठरलेलं असतं.

भाच्याचं मन 66 वर होतं. आरशासारखं चकाकत होतं ते. रूगर बिचारं ओरखड्यांनी भरलेलं, रबरी मुठीचं, वापरून वापरून निस्तेज झालेलं. पण स्टेनलेसची चकाकी हीच फसवी गोष्ट. त्या पोलादात क्रोमियम असतं. हवेशी संयोग होऊन त्याचा पातळ थर वर तयार होतो आणि तो गंज अडवतो. अडवतो म्हणजे लांबवतो. घाम आणि खारी हवा लागली, तर स्टेनलेसही डागाळतं. काळ्या-निळ्या पोलादाच्या हत्याराचा रंग जिथं घासला जातो, तिथं त्याचं वय दिसतं. स्टेनलेस मात्र कुणीही घासून नवं करतो. म्हणून कडा बघाव्यात. कडा गोल झाल्या असतील, नळीवर कोरलेली अक्षरं उथळ झाली असतील, तर पॉलिशच्या चाकावर वय पुसलं आहे असं समजावं. या 66 वरची अक्षरं पुसट होती.

मग वडिलांचा धडा. स्मिथ अँड वेसनच्या बाजूला एक झाकणपट्टी असते, ती स्क्रूंनी बसवलेली. त्यातल्या दोन स्क्रूंच्या खाचा फाटल्या होत्या. रूगरला ही पट्टीच नसते. सांगाडा दोन्ही बाजूंनी सलग असतो आणि आतले भाग खालून काढता येतात. त्यामुळे त्याची ताकद अधिक, असं त्याचे चाहते सांगतात.

आता खरी तपासणी. पहिलं काम, सिलिंडर म्हणजे सहा घरांचं ते फिरतं चाक बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याचं डोळ्यांनी आणि बोटानं बघायचं. मालकानं बघितलेलं असलं तरी आपण पुन्हा बघायचं. रिकामं असलं तरी नळीचं तोंड माणसाकडे करायचं नाही. सिनेमातला नायक मनगटाला झटका देऊन सिलिंडर आत फेकतो ना, तसं तर कधीच करायचं नाही. त्यानं सिलिंडर ज्या बिजागरीवर झुलतं ती वाकते.

दुसरं, मालकाची परवानगी घेऊन घोडा अंगठ्यानं अगदी सावकाश मागे घ्यायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकंसं टेकवून ठेवायचं. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकायच्या आधी, किंवा फार तर त्याच क्षणी, सिलिंडर "टिक्" करून जागेवर बसला पाहिजे. एकदा नव्हे, सहा घरांसाठी सहा वेळा. याला ते लोक टायमिंग म्हणतात. घड्याळवाल्याला निराळं सांगायला नको! टायमिंग चुकलं तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. मग गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यात जायला तेवढं पुरे.

तिसरं, सिलिंडर मागेपुढे किती हलतो ते बघायचं. चौथं, सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट उजेडासमोर धरायची. गॅरेजमधले मेकॅनिक वापरतात त्या फिलर गेजनं ती मोजतात. इंचाच्या चार ते आठ हजारांशाइतकी फट चांगली. आपल्या वहीचा कागद साधारण चार हजारांश जाड असतो, म्हणजे एक ते दोन कागद. दहा-बारा हजारांशाच्या पुढे गेली तर विचार करावा.

पाचवं, नळीचं मागचं तोंड, जिथं गोळी शिरते. मॉडेल 66 सारख्या सांगाड्यात सिलिंडरला जागा मिळावी म्हणून हे तोंड खालच्या बाजूनं थोडं सपाट कापलेलं असतं. तिथं धातू पातळ. ही रचना मुख्यतः सौम्य काडतुसं उडवायची आणि मॅग्नम जपून वापरायचं, या हिशेबाची. 1970 च्या दशकात पोलिसांचा सरावच मॅग्नमवर होऊ लागला आणि हलक्या, वेगवान गोळ्यांनी काही नळ्यांना त्याच जागी चीर जाऊ लागली. पुढे 1980 च्या सुमारास कंपनीनं थोडी दणकट फ्रेम काढली, त्यामागचं हे एक कारण. म्हणून जुनं 66 घेताना टॉर्च लावून ती जागा बघितलीच पाहिजे.

आमच्या 66 ला चीर नव्हती. पण सावकाश घोडा ओढला, तेव्हा चौथं आणि पाचवं घर उशिरा बसलं. अंगठा लावून ढकललं तेव्हा कुठं "टिक्" झालं. रूगरची सहाही घरं वेळेवर बसली आणि फट पाच हजारांश भरली. मालक प्रामाणिकपणे म्हणाला, सिलिंडर फिरवणारा छोटा दांडा झिजलाय, कारागीर बदलून देईल. मात्र त्यानं हेही सांगितलं की सिक्युरिटी-सिक्सचं उत्पादन केव्हाच थांबलं आहे, त्याचे सुटे भाग सहज मिळायचे नाहीत. म्हणजे एकाला दुरुस्ती आज हवी, दुसऱ्याला उद्या लागली तर मिळणं अवघड. मी म्हटलं, "जे आज ठीक चालतंय ते घे. चकाकी तुझ्या काय कामाची?"

भाच्यानं रूगर निवडलं. सरकारी फॉर्म भरला. 1998 पासून तिथं परवानाधारक दुकानदार ग्राहकाचं नाव केंद्रीय यंत्रणेकडून तपासून घेतो. बहुतेकांना काही मिनिटांत उत्तर मिळतं. भाच्याचं नाव पडलं चारचौघांसारखं. त्या नावाची माणसं ढिगानं. उत्तर आलं, "थांबा." अशा वेळी कामकाजाचे तीन दिवस वाट बघावी लागते.

ते तीन दिवस माझ्या लक्षात राहिले. भाचेसून तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. त्या रात्री जेवणानंतर ती मला म्हणाली, "मामू, तुम्ही त्याची सहा घरं तपासलीत. सातवं घर तपासलंत का?"

मला आधी कळेना. तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथं त्यांची चार वर्षांची मुलगी झोपली होती. "अमेरिकेत बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात," ती म्हणाली. "चोराच्या गोळीनं आलेले मी बघितलेत. घरातल्याच बंदुकीनं आलेलेही बघितलेत."

भाचा गप्प बसला. मीही. यंत्रातलं टायमिंग मी सांगितलं होतं. पण हे हत्यार कुठं राहणार, कुणाच्या हाती लागणार, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. टेक्सासच्या कायद्यातही 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. पण कायदा बोट दाखवतो तो घडून गेल्यावर.

तिसऱ्या दिवशी दोघांचं ठरलं. रिव्हॉल्व्हर घरी यायचंच नाही. दुकानात, जमिनीला बोल्ट मारलेल्या पेटीत राहायचं. पेटीचा आकडा कामावरच्या पोराला सांगायचा नाही. आधी रीतसर शिकवणी लावायची, आणि ते रिकामं कसं करायचं हे तिनंही शिकायचं. शेवटची अट तिची: कुणी गल्ला मागितला, तर गल्ला देऊन टाकायचा.

खरं सांगायचं तर ते घ्यायलाच हवं होतं, असं मला आजही वाटत नाही. पण रात्री अकरा वाजता त्या गल्ल्यावर मी बसत नाही, तो बसतो. म्हणून मी एवढंच सांगतो. जुनं रिव्हॉल्व्हर घेण्याची वेळ कुणावर आलीच तर चकाकी बघू नये, खाचा बघाव्यात. सहाही घरं एकेक करून तपासावीत. आणि पैसे मोजण्याआधी घरातल्या माणसांना विचारावं.

भाच्याचा फोन येतो तेव्हा मी आधी मुलीची शाळा विचारतो, मग धंदा. फोन भाचेसुनेकडे गेला की ती न विचारताच सांगते, "पेटी बंद आहे, मामू." ती उघडायची वेळ अजून आलेली नाही. अल्ला करो, कधी न येवो.