घोडं प्रिंटरपाशी अडतं

सांगलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. बाईंनी घरच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं, मराठी टायपिंग बसवलं, प्रश्नपत्रिका लिब्रेऑफिसमध्ये तयार केल्या. छापायला मात्र पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सचं दुकान गाठावं लागे. घरचा प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. शेवटी कंटाळून त्या विंडोजवर परतल्या. ‘चूक माझी की लिनक्सची?’ असं त्या विचारतात.

दोघांचीही नाही. चूक आहे ती प्रिंटरमधून काढून घेतलेल्या मेंदूची.

१९८५मध्ये अ‍ॅपलचा लेझररायटर बाजारात आला, तेव्हा त्याच्यातला प्रोसेसर त्या वेळच्या मॅकिन्टॉशपेक्षा वेगवान होता. किंमतही तशीच, जवळपास ७ हजार डॉलर. संगणकाने पानाचं वर्णन पोस्टस्क्रिप्ट या भाषेत पाठवायचं आणि कागदावर कुठे ठिपका उमटवायचा ते प्रिंटरने ठरवायचं, अशी कामाची वाटणी होती. पोस्टस्क्रिप्टचे नियम छापील पुस्तकात मिळत, त्यामुळे ती भाषा कोणत्याही प्रणालीला शिकता येई.

पुढे घरात परवडतील असे लेझर प्रिंटर करताना हा खर्च छाटला गेला. ठिपके मांडायचं काम संगणकातल्या ड्रायव्हरकडे गेलं आणि ड्रायव्हर-प्रिंटर यांच्यातली बोली कंपनीची खासगी झाली. एलबीपी २९००ची बोली ‘कॅप्ट’. तिचे नियम जाहीर नाहीत. कॅननने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण त्यातले महत्त्वाचे भाग बंद आणि ३२ बिटी; आजच्या ६४ बिटी प्रणालीवर तो बसवणं घरगुती माणसाच्या आवाक्यातलं नाही. यूएसबीच्या तारेतून जाणारे बाइट तपासून काही स्वयंसेवकांनी स्वतःचा ड्रायव्हर लिहिलाय. त्यांच्या चिकाटीपुढे हात जोडावेत. एचपीच्या लेझरजेट १०२०ची तऱ्हा आणखी वेगळी: तो दरवेळी चालू केला की त्याचं फर्मवेअर संगणकाला नव्याने भरावं लागतं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची ठिणगीही प्रिंटरवरूनच पडली होती. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरसाठी केली होती. नव्याचा सोर्स कोड त्यांना मिळालाच नाही. सप्टेंबर १९८३मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. इतक्या वर्षांनंतरही सामान्य माणूस त्याच जागी अडावा, हे खरोखर संतापजनक आहे.

आपल्याकडे प्रिंटर सहसा टाकून दिला जात नाही. टोनर रिफिल करून तो दहा-बारा वर्षं सहज चालतो, आणि खरेदीच्या दिवशी झालेली निवडही तितकीच वर्षं घरात राहते. म्हणून विंडोज पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करावं आणि एक पान छापून बघावं. नवा प्रिंटर घेणार असाल, तर खोक्यावर ‘एअरप्रिंट’ हा शब्द शोधा. २०१०मध्ये अ‍ॅपलने ही सोय आयफोन-आयपॅडसाठी आणली, पण ती पाळणारे वायफाय प्रिंटर आजच्या लिनक्सवरही सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापतात. दुकानदाराला लिनक्सबद्दल विचारून फारसं काही कळणार नाही, एअरप्रिंटबद्दल विचारावं.