खेळाडूंच्या हातून क्लबांच्या हाती : विल्यम हल्बर्ट आणि नॅशनल लीगची स्थापना

सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघाने १८६९ मध्ये आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला सुरुवात केली आणि दोनच वर्षांनी अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलपटूंची ‘नॅशनल असोसिएशन’ उभी राहिली. परंतु १० डॉलर भरणाऱ्या कोणत्याही क्लबाला तेथे प्रवेश असल्याने अनेक संघ हंगामाच्या मध्यावरच गळत, दूरच्या शहरांतील ठरलेले सामने टाळले जात आणि मैदानांवर सट्टेबाजांचा वावर राजरोस चाले. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या धान्यबाजाराचे सभासद आणि शिकागोच्याच व्हाइट स्टॉकिंग्ज क्लबाचे चालक विल्यम हल्बर्ट यांना या कारभाराची झळ प्रत्यक्ष बसली. डेव्ही फोर्स या खेळाडूने शिकागो आणि फिलाडेल्फिया अशा दोन क्लबांशी करार केले असता, असोसिएशनने १८७५ मध्ये अखेर फिलाडेल्फियाच्या बाजूने कौल दिला.

त्याच वर्षी, हंगाम संपण्यापूर्वीच, हल्बर्ट यांनी बॉस्टनच्या विजेत्या संघातील अल्बर्ट स्पॉल्डिंग यांच्यासह चार खेळाडू आपल्याकडे वळवले. हे नियमांना धरून नव्हते. शिस्तीची भाषा बोलणाऱ्या संघटनेचा पाया अशा बेशिस्त फोडाफोडीतून घातला गेला, ही गोष्ट तिच्या इतिहासातून वगळता येत नाही. कारवाई होण्याआधीच २ फेब्रुवारी १८७६ रोजी न्यूयॉर्कमधील ग्रँड सेंट्रल हॉटेलात आठ क्लबांची नॅशनल लीग स्थापन झाली. जुनी संघटना खेळाडूंची होती, तर ही क्लबांची. किमान ७५,००० वस्तीच्या शहरालाच प्रवेश, एका शहरात एकच क्लब आणि वार्षिक १०० डॉलर वर्गणी अशा अटींनी सभासदत्व मर्यादित करण्यात आले. पूर्वेकडील क्लबांचा विश्वास टिकावा म्हणून पहिले अध्यक्षपद हार्टफर्डच्या मॉर्गन बल्कली यांना देण्यात आले, पण सूत्रे हल्बर्ट यांच्याच हाती राहिली आणि वर्षअखेरीस ते स्वतः अध्यक्ष झाले.

त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या सर्वांत मोठ्या शहरांच्या संघांनी पश्चिमेचा दौरा पूर्ण करण्याचे नाकारताच त्यांची हकालपट्टी झाली. लीगचा खरा जन्म या निर्णयात शोधावा लागतो, कारण उत्पन्नावर पाणी सोडून वेळापत्रक पाळले जाईल, याची हमी तेव्हा प्रथमच मिळाली. पुढच्याच वर्षी पैसे घेऊन सामने हरल्याच्या प्रकरणात लुईव्हिलच्या चार खेळाडूंवर आजन्म बंदी आली, तर मैदानावर बिअर विकणाऱ्या सिनसिनाटीला १८८० मध्ये बाहेर जावे लागले.

या कठोरपणाची सर्वांत जड किंमत मात्र निर्दोष खेळाडूंनी मोजली. १८७९ मध्ये क्लबांनी आपसांत गुप्तपणे ठरवले की प्रत्येकाने पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवावेत आणि इतरांनी त्यांच्याशी बोलणीही करू नयेत. पगार आटोक्यात ठेवण्यासाठी आणलेला हा नियम पुढे जवळजवळ सर्व खेळाडूंना लागू झाला आणि १८७५ मध्ये स्पॉल्डिंग यांनी वापरलेले क्लब बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांच्या वारसांना १९७५ पर्यंत परत मिळाले नाही.

हल्बर्ट यांचे निधन १० एप्रिल १८८२ रोजी झाले. बल्कली यांना बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये १९३७ सालीच स्थान मिळाले, हल्बर्ट यांना मात्र त्यासाठी १९९५ पर्यंत थांबावे लागले. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत त्यांच्या समाधीवर दगडी बेसबॉल असून त्यावर त्यांच्या निधनाच्या वर्षी लीगमध्ये असलेल्या आठ शहरांची नावे कोरलेली आहेत. त्यांत न्यूयॉर्क नाही आणि फिलाडेल्फियाही नाही.