पासबुकातील अनोळखी नोंद आणि मोबाइलमधले खेळ

मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गौतमपुऱ्यात, जेथे इंदूर जिल्ह्यातील इतर कसब्यांप्रमाणेच सोयाबीन-गव्हाचे पैसे आता थेट खात्यावर जमा होतात आणि त्याच खात्याला जोडलेला मोबाइल संध्याकाळी घरातल्या मुलाच्या हाती असतो, तेथे पासबुकावर एखादी अनोळखी खर्चाची नोंद छापून येणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ती पाहताच कोणी ‘खाते हॅक झाले’ म्हणून हवालदिल होतो, तर कोणी ‘एवढ्याशा रकमेसाठी बँकेत खेटे कोण घालणार’ म्हणून ती सोडून देतो. या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत असे माझे स्पष्ट मत आहे; कारण गेलेले पैसे परत मिळण्याचा मार्ग ते कोणी, कशाने आणि कोणाच्या संमतीने नेले यावर सर्वस्वी अवलंबून असतो, आणि ही रुजवात केल्यावाचून केलेली तक्रार बहुधा चुकीच्या दारात जाऊन पडते.

सर्वांत रूढ गैरसमज असा की, नाव ओळखीचे नाही म्हणजे व्यवहार चोरीचाच. वस्तुस्थिती अशी की खेळाचे नाव बँकेच्या नोंदीत क्वचितच येते. मूल ज्याला ‘डायमंड’ म्हणते ते गरेना कंपनीच्या फ्री फायर मॅक्समधले चलन, आणि ज्याला ‘यूसी’ म्हणते ते क्राफ्टन कंपनीच्या बीजीएमआयमधले. परंतु पैसे वसूल करते ती बहुतेक वेळा गूगल प्ले किंवा ॲपलसारखी पेढी, संगणकावरील खेळांसाठी स्टीम, आणि प्लेस्टेशनसाठी सोनी. त्यातही पासबुकाच्या चिंचोळ्या रकान्यात ही नावे अर्ध्यावर तुटतात. यूपीआयने केलेल्या खरेदीची ओळ वाचून पाहावी: प्रथम ‘यूपीआय’, मग नावे पडल्याची खूण ‘डीआर’, मग बारा अंकी संदर्भ क्रमांक, मग ‘गूगल पी’ असे लचका तोडल्यासारखे नाव, आणि शेवटी पैसे ज्या बँकेत गेले तिची चार अक्षरे. ‘यूटीआयबी’ ही अक्षरे पाहून अनेकजण दचकतात. ती ॲक्सिस बँकेची आहेत, कारण २००७ पूर्वी त्या बँकेचे नाव यूटीआय बँक असे होते. परदेशी चलनात झालेल्या खरेदीत विनिमयाचा अधिभार आणि त्यावरील जीएसटी यांच्या स्वतंत्र नोंदी पडू शकतात, आणि एकाच खरेदीच्या तीन नोंदी पाहून तीनदा चोरी झाली असे वाटते.

म्हणून पहिले काम बँकेत धावण्याचे नव्हे, तर दोन दफ्तरे शेजारी ठेवून पाहण्याचे. प्ले स्टोअर उघडून कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवले की ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ हा रकाना मिळतो. त्यात खरेदीचा पूर्ण इतिहास तारीख, रक्कम आणि वस्तू यांसह नोंदलेला असतो, आणि पावतीच्या ईमेलमध्ये ‘जीपीए’ या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. एका फोनवर दोन-तीन जीमेल खाती असतील तर प्रत्येकाचा इतिहास स्वतंत्र पाहावा लागतो. मुलाने शाळेसाठी काढलेले खाते नेमके विसरले जाते. रक्कम आणि तारीख जुळली, तर चोर बाहेरचा नाही हे समजावे. कार्डाच्या व्यवहारांची नोंद एक-दोन दिवस उशिरा पडते, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरा गैरसमज ओटीपीविषयीचा. ओटीपी आला नाही, त्याअर्थी पैसे जाणे शक्यच नव्हते, असे लोक सांगतात. देशातील कार्डव्यवहाराला दुसरी खातरजमा लागते हे खरे; पण परदेशी व्यापाऱ्याकडील ऑनलाइन खरेदीत ती न विचारली जाण्याची शक्यता असते. याच धोक्यामुळे रिझर्व्ह बँकेने १६ मार्च २०२० पासून नवी कार्डे परदेशी आणि ऑनलाइन वापरासाठी मुळात बंद ठेवूनच देण्याचा दंडक घातला, आणि हा वापर चालू-बंद करण्याची कळ ग्राहकाच्या हाती दिली. ज्याला परदेशी खरेदी करायचीच नाही त्याने ती कळ बंद आहे ना हे आजच पाहावे. मासिक सदस्यत्वाच्या वसुलीतही दर वेळी ओटीपी वा पिन लागत नाही: एकदा मान्यता दिली की साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतची वसुली आपोआप होते, मात्र किमान २४ तास आधी तशी सूचना पाठवणे बंधनकारक आहे आणि ती मिळाल्यावर नकार देण्याचा अधिकार खातेदाराला आहे. या सूचना आपण जाहिरातींच्या गर्दीत न वाचताच पुसून टाकतो.

खेळ फोनमधून काढून टाकला की वसुली थांबते, हा समज तितकाच निराधार. ॲप गेले तरी सदस्यत्व राहते. ते प्ले स्टोअरच्या सदस्यत्वाच्या यादीतून, किंवा यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’च्या रकान्यातून रद्द करावे लागते. एक-दोन रुपयांची नोंद मात्र दुहेरी अर्थाची असते. नवे कार्ड वा ऑटोपे जोडताना खातरजमेसाठी अशी रक्कम घेऊन बहुधा परत केली जाते. परंतु आपण काहीच जोडलेले नसताना ती पडली असेल, तर चोरीच्या कार्डाची चाचणी घेण्याचाही हाच प्रकार आहे, आणि अशा वेळी रक्कम क्षुल्लक म्हणून दुर्लक्ष करणे म्हणजे मोठ्या चोरीला अवधी देणे होय.

आता जो गैरसमज मला सर्वांहून अधिक अस्वस्थ करतो, त्याकडे वळतो. व्यवहार मुलाने केला असेल तर पैसे बुडालेच, किंवा मग ‘अज्ञात इसमाने चोरले’ असे लिहून दिल्याखेरीज गत्यंतर नाही, असे पालक धरून चालतात. दोन्ही चूक आहे. घरच्या माणसाने केलेल्या खरेदीसाठी गूगल प्लेकडे परताव्याचा अर्ज करता येतो. तो ४८ तासांच्या आत केल्यास मार्ग सुलभ असतो, आणि सर्वस्वी अपरिचिताने केलेल्या व्यवहाराची वर्दी देण्याची मुदत १२० दिवसांची आहे. ॲपलकडेही परताव्याच्या अर्जाची सोय आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ११व्या कलमान्वये अज्ञानाला, म्हणजे अल्पवयीनाला, करार करण्याची पात्रता नाही, आणि अज्ञानाचा करार मुळातच शून्य होय असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात ठरवले. खाते पालकाचे असल्याने कंपनी या मुद्द्यापुढे लगेच मान तुकवील असे नाही, तरीही अर्जात तो अवश्य लिहावा. खोटे मात्र लिहू नये. आपल्याच घरातल्या फोनवरून, आपल्याच पिनने झालेला व्यवहार चोरीचा म्हणून दाखवला, की तपासात ते उघड होते आणि खऱ्या कारणाने मिळू शकणारा परतावाही हातचा जातो.

याहून मोठी किंमतही मोजली गेली आहे. जुलै २०२१ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील छतरपूर येथे तेरा वर्षांच्या मुलाने खेळात सुमारे ४०,००० रुपये गेल्यानंतर जीवन संपवले. २०२५ च्या जुलैअखेरीस इंदूर शहरात सातवीतल्या मुलाच्या बाबतीत तसेच घडले, आणि तेथे रक्कम सुमारे २,८०० रुपयांची होती. अशा मृत्यूमागे एकच कारण नसते. तथापि पैसे गेल्याचे सांगण्याचे भय मुलाला वाटू नये एवढे तरी मोठ्यांच्या हाती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतील जोगेश्वरीच्या सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून खेळावर सुमारे दहा लाख रुपये खर्च केले आणि आईवडील रागावले म्हणून तो घर सोडून गेला. पोलिसांनी त्याला शोधून आईवडिलांच्या स्वाधीन केले. म्हणून नोंद दिसताच मुलाला दरडावण्याऐवजी त्याला शेजारी बसवून खरेदीचा इतिहास त्याच्याकडूनच उघडवून घ्यावा. कोणत्या दिवशी काय घेतले हे त्यालाच ठाऊक असते, आणि परताव्याच्या अर्जात नेमके तेच लिहायचे असते. मूल खचलेले दिसले तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा शासकीय क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

घरात कोणीच व्यवहार केलेला नाही अशी खात्री पटली, तर मग विलंब अक्षम्य ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा व्यवहाराची वर्दी तीन कामकाजी दिवसांत दिल्यास ग्राहकावर काहीच भार पडत नाही. ही मुदत बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजतात, व्यवहारापासून नव्हे, आणि सूचना मिळाल्याचा दिवस तीत धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत भार मर्यादित राहतो: प्राथमिक बचत खात्याला ५,००० रुपये, सामान्य बचत खात्याला १०,००० रुपये. वर्दीनंतर दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल द्यावा, असाही दंडक आहे; ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. ओटीपी वा पिन स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर वर्दी देईपर्यंतचे नुकसान आपले, त्यापुढचे बँकेचे. बँकेबरोबरच १९३० या क्रमांकावर सायबर फसवणुकीची नोंद करावी. बँकेचा दूरध्वनी कार्डाच्या पाठीवरून वा पासबुकावरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’च्या क्रमांकांवर भामटे बसलेले असतात, आणि परतावा देतो म्हणून ते फोनचा ताबाच मागतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केल्यापासून, खेळाच्या नावाने पडलेली प्रत्येक नोंद बेकायदा, असा एक नवा समज पसरला आहे. बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना. पोशाख, शस्त्रे वा डायमंड विकत घेणे तीत येत नाही. मात्र डाव लावण्याच्या खेळाकडे रक्कम गेलेली दिसली, तर तक्रारीत या कायद्याचा उल्लेख जरूर करावा, कारण अशा खेळांचे पैसे पोचते करण्यास बँकांनाही त्यात मनाई आहे.

बँकेने ‘व्यवहार पिनने झाला’ एवढेच सांगून अर्ज फेटाळला, म्हणजे प्रकरण मिटले असेही नाही. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. वकील लागत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने पाठवलेला अर्जही चालतो. त्यासोबत बँकेला दिलेल्या तक्रारीची तारीखवार नक्कल, तिचा पोच क्रमांक, वादग्रस्त नोंदीचे पान आणि खरेदीच्या इतिहासाचे छायाचित्र जोडावे. म्हणूनच शाखेत तोंडी सांगून परत न येता, पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी.