ब्रूगेलच्या मांडवात

व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात ओकच्या फळीवर तैलरंगांत काढलेली एक लग्नाची पंगत आहे. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेल याने ती १५६७च्या सुमारास रंगविली. तिचा छापील नमुना गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यास, मी शिकवितो त्या शाळेच्या भिंतीवर, लावलेला आहे.

चित्रात राजा नाही, देवदूत नाही. लांबलचक मेजाशी शेतकरी दाटीवाटीने बसले आहेत आणि दारातून आणखी माणसे आत घुसताहेत. दोघे वाढपी ताटल्या घेऊन आले आहेत, त्या चक्क बिजागरीवरून उतरविलेल्या दारावर ठेवून! घरच्या कार्यात भांडी कमी पडली, की आपल्या गृहिणींनाही असेच काही सुचते. पुढे जमिनीवर मोरपिसाची टोपी घातलेले पोर बोटे चाटीत बसले आहे. हिरव्या पडद्यापुढे नवरी हात जुळवून, डोळे मिटल्यासारखी. नवरा कोणता, याबद्दल मात्र पंडितांचे अद्याप एकमत नाही.

यांतल्याच काही पंडितांनी हे चित्र म्हणजे खेडुतांच्या खादाडपणाचा उपहास ठरविला. मला ते पटत नाही. ताटल्यांत आहे तरी काय? लापशीसारखे काहीतरी पातळ; सोबत पाव आणि पेय. याला खादाडपणा म्हणायचे, तर आपल्या श्रीखंड-पुरीच्या पंगतींना काय म्हणावे?

पाहुण्यांमागे जो पिवळा भाग दिसतो, तो शहरातून आलेल्या मंडळींना मातीची भिंत वाटतो. धानाची कापणी उरकून आलेल्या एका पालकांनी मात्र चित्राकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "हे तं पुंजने हायेत, गुरुजी!"

कापलेल्या धानाचे भारे मळणीपूर्वी रचून ठेवतात, त्यांना झाडीपट्टीत पुंजणे म्हणतात. ठिणगी पडून ते जळाले, तर घराचा वर्षाचा घास जातो. चित्रातही मळणीपूर्वीचे पीकच रचलेले आहे, अगदी वरपर्यंत. त्यावर दाताळ्याशी दोन पेंढ्या टांगल्या आहेत. धान्य घरात आले, म्हणून पंगत बसली. झाडीपट्टीत तरी दुसरे काय होते? धान हाती येऊ लागले, की मंडई भरते आणि रात्रभराची नाटके सुरू होतात. १५६७ सालीच आल्ब्याचा ड्यूक स्पॅनिश फौज घेऊन नेदरलँड्समध्ये उतरला होता, हे लक्षात घेतले, तर त्या भरल्या कोठाराची किंमत अधिक कळते.

कारेल फान मांडर या चरित्रकाराने १६०४ साली लिहिले, की ब्रूगेल आणि त्याचा व्यापारी मित्र हान्स फ्रांकर्ट शेतकऱ्याचा वेष करीत, आहेर घेत आणि आपण वधूवरांचे नातलग आहोत असे सांगून लग्नांत शिरत. गोष्ट थोडी रंगविलेली असेलही. पण कातडी पिशवीची पुंगी हातात घेऊन येणाऱ्या ताटल्यांकडे बघत राहिलेला तो वाजंत्री दुरून पाहून सुचणारा नव्हे. आमच्या पालकांचीही नजर नेमकी तिथेच खिळली. निघताना त्यांनी विचारले, "याले जेवाले कोन वाढते?"